दोन जहाजांची रीतसर चौकशी

कोणतीही दोन स्थळं समोर आली की त्यांची तुलना करावी, मग पुन्हा एकदा करावी, आणि तुलना पूर्ण झाल्यावर निर्णय पुढे ढकलावा, या तत्त्वावर सुसंस्कृत समाज उभा आहे. घाईने निवड करणारी माणसंही सुखी होतात असं कानावर येतं. पण त्यांच्या सुखाची रीतसर चौकशी झालेली नसल्यामुळे ते इथे विचारात घेता येत नाही.

वाशीम जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. (ही उणीव अजून कुठल्या निवडणुकीत कुणाच्या लक्षात आलेली नाही. येईल तेव्हा भूमिपूजन होईल.) इथलं मोठं पाणी म्हणजे धरणाचं, आणि त्याचा पलीकडचा काठ दिसतो. पलीकडचा काठ न दिसणारं पाणीही जगात आहे, हे आमच्या शेलूबाजारला शाळेच्या पुस्तकामुळे, टीव्हीमुळे आणि रंगूबाईंच्या हट्टामुळे ठाऊक आहे.

रंगूबाई या जगदेवच्या आई. वय सत्तरच्या पुढे. किती पुढे ते त्यांच्या गुडघ्यांना माहीत. जगदेव सोयाबीन, तूर, हरभरा पिकवतो आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचा मुलगा विकास पुण्याला कंपनीत असतो. दिवाळीत घरी आला तेव्हा आजीने समुद्राचं नाव काढलं. विकासने तिथल्या तिथे मोबाइलवर दोन जहाजं शोधली, 'जलराणी' आणि 'ग्रँड लहर', दोन्ही मुंबईहून सुटणारी, दोन्ही तीन रात्रींची, आणि म्हणाला, "यातलं एक सांगा, मी बुक करतो." मग तो पुण्याला निघून गेला. शिकलेल्या माणसाने दोन मिनिटांचं काम असं घरच्यांवर सोपवू नये. घरच्यांना जबाबदारीची जाणीव असते.

अशा रीतीने समिती अस्तित्वात आली. बैठका माझ्या कृषी सेवा केंद्रात होत, कारण बियाण्याच्या पोत्यांशेजारी सहा प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. खुर्च्या माझ्या असल्यामुळे मी पदसिद्ध सदस्य. जगदेव, आई त्याची म्हणून. पुंजाजी, कारण ते बैलांचे जाणकार आहेत, शिवाय तरुणपणी एकदा नावेतून नदी ओलांडल्यामुळे पंचक्रोशीतले एकमेव नौकानयनतज्ज्ञ. आणि अध्यक्षस्थानी बबनराव. हे रंगूबाईंचे धाकटे भाऊ, राहणार कामरगाव. निम्म्या जिल्ह्याची लग्नं यांनी जमवली आहेत. (उरलेल्या निम्म्याची मोडली आहेत. दोन्ही कामांत त्यांचा हात धरणारा कुणी नाही.) रंगूबाई आणि त्यांची सून वैजयंती दुकानाच्या पायरीवर बसल्या. त्या विशेष निमंत्रित होत्या, कारण चहा त्यांनी आणला होता.

बबनरावांनी कामकाज अगदी नियमाने सुरू केलं. आधी प्रवाशाची इच्छा विचारली.

"बाई, तुले काय पाह्यजे ते मोकळ्या मनानं सांग."

"मले काय पाह्यजे?" रंगूबाई म्हणाल्या. "समुद्रात पाय बुडवाचे हायेत एकदा. गुडघे चालू हायेत तवर. बाकी मले काईच नाई पाह्यजे."

इतकं स्वच्छ निवेदन ऐकून समितीला समाधान वाटलं. 'सागरी पर्यटनाची तीव्र इच्छा' अशी त्याची दखल घेऊन आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो.

पुढचा विषय फोटो. आमच्याकडे चौकशीची एकच पद्धत आहे आणि ती मुलगी, मुलगा, बैलजोडी, ट्रॅक्टर, दवाखाना यांना सारखीच लागू पडते. जहाजाला ती का लागू पडू नये, याचं सबळ कारण कुणाला सुचलं नाही. जगदेवने मोबाइल पुढे केला. 'जलराणी' पांढरी, बारा मजली, अंगावर निळी पट्टी. 'ग्रँड लहर' तितकीच पांढरी, चौदा मजली, माथ्यावर घसरगुंडी. बबनरावांनी चष्मा पुसला. फोटो पुढे सरकवले, मागे आणले, पुन्हा पुढे नेले.

"जलराणीचे समदे फोटो उजव्या अंगाचे हायेत," ते म्हणाले. "डाव्या अंगाचा एकबी नाई. काहून?"

सगळे मोबाइलवर वाकले. खरंच नव्हता. अनुभव म्हणतात तो हा. मी ते फोटो तीनदा पाहिले होते आणि मला फक्त जहाज दिसलं होतं.

विकासला फोन लावला. तो म्हणाला, "मामाआजोबा, जहाज दोन्ही बाजूंनी सारखंच असतं."

"मुलीवालेबी असंच म्हनतेत," बबनराव म्हणाले, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी विकासने डाव्या बाजूचा फोटो पाठवला. बबनरावांनी तो निरखून पाहिला आणि डावं अंग निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला. फोटोत जहाजाचं नाव आरशात दिसावं तसं उलटं दिसत होतं, पण ते फक्त वैजयंतीला दिसलं, आणि तिने पदर तोंडाला लावून चहाचे कप गोळा केले.

वयाचा मुद्दा पुंजाजींकडे होता. बैलाचं वय दातावरून कळतं. जहाजाला दात नसल्यामुळे त्यांनी माहितीपत्रकाचा आधार घेतला, आणि त्यांच्या ध्यानात आलं की 'जलराणी'चं नूतनीकरण कधी झालं हे मोठ्या अक्षरांत छापलंय. जन्म कधी झाला याबद्दल अक्षर नाही. पुन्हा विकास. त्याने शोधून सांगितलं की हे जहाज मूळचं परदेशातलं, तिकडे ते दुसऱ्या कंपनीकडे होतं, आणि तेव्हा त्याचं नावही वेगळं होतं.

पुंजाजींनी हातातला कप खाली ठेवला. "म्हंजे आधी एक घर झालं हिचं."

"नावबी बदललं," जगदेव हळूच म्हणाला.

"पहिल्यानं काहून सोडली?" बबनरावांनी विचारलं.

इथे सांगायला हवं की समिती पुरोगामी विचारांची आहे. दुसऱ्या घराला आमचा मुळीच विरोध नव्हता. फक्त कारण समजायला हवं होतं. (कारण समजेपर्यंत विरोध.) त्या परदेशी कंपनीच्या गावात आपलं कुणी आहे का, याचा बबनरावांनी पंधरवडाभर शोध घेतला. कारंज्याचा एक मुलगा त्या बाजूला असल्याचं कळलं, पण त्याच्या घरच्यांशी आमच्या एका पाहुण्यांचं बोलणं बंद होतं. मग आधी ते दोन घरांचं भांडण मिटवावं लागलं. ते मिटलं, दोन्ही घरांनी जेवण घातलं, आणि तो मुलगा भलत्याच देशात असल्याचं निष्पन्न झालं. तरीही जहाजाच्या निमित्ताने दोन घरं जोडली गेली, ही गोष्ट जहाजाच्या बाजूने धरायला हरकत नव्हती. प्रश्न एवढाच की कोणत्या.

या दरम्यान रंगूबाई दुकानात येताना भिंतीला हात लावून येऊ लागल्या.

आता नात्याचा मुद्दा. ज्या घरात आपलं ओळखीचं माणूस नाही तिथे पाणी प्यायचं कसं, हा बबनरावांचा पहिला सवाल असतो. त्यांनी चार फोन फिरवले आणि कामरगावच्या कस्तुराबाईंचा भाचा गोलू हा 'ग्रँड लहर'च्या स्वयंपाकघरात कामाला असल्याचं शोधून काढलं. मला मान्य केलंच पाहिजे, त्या संध्याकाळी आम्हा सर्वांना फार आनंद झाला. चौदा मजल्यांचं परकं जहाज पाहता पाहता आपल्यातलं झालं. पुंजाजी तर "आपली लहर" म्हणू लागले. गोलूला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा काउंटरवर ठेवला.

"जेवण कसं राह्यते तिथं?"

"मस्त राह्यते मामा."

"मानसं?"

"चांगली हायेत."

"मालक कसा हाय?"

"मालक नाई पाह्यला मामा अजून."

पायरीवरून रंगूबाईंनी विचारलं, "अन् समुद्र रे बापू? समुद्र कसा हाय?"

"समुद्रबी नाई पाह्यला आजी," गोलू म्हणाला. "आमी लय खाली राह्यतो, तिथं खिडकी नाई. मी कांदे कापतो. हालते मात्र चांगलं."

आतल्या माणसाची साक्ष अनुकूल, असं समितीने ठरवलं. पण रात्रभर विचार करून बबनराव सकाळी वेगळंच मत घेऊन आले. ओळखीच्या घरी कमीजास्त झालं तर तोंड उघडता येत नाही. उद्या डाळीत मीठ कमी पडलं, तर कस्तुराबाईंना काय म्हणणार? त्यापेक्षा परकं बरं, मोकळेपणाने भांडता तरी येतं. हा मुद्दा बिनतोड होता. त्यामुळे 'ग्रँड लहर'चा नात्याचा गुण कापला आणि 'जलराणी'ला परकेपणाचा दिला. मग पहिल्या घराच्या मुद्द्यावर तोही कापला. या टप्प्यावर दोन्ही जहाजं अगदी बरोबरीत होती. दोघांनाही शून्य.

जेवणाच्या मुद्द्याने ही कोंडी फुटेल असं वाटलं होतं. 'जलराणी'वर तीन भोजनगृहं, 'ग्रँड लहर'वर पाच, आणि पाचही एकाच वेळी चालू. ऐकायला हे मोठं वैभवाचं वाटतं. पण पंगतीत बसलेल्या माणसाच्या मनात शंका येतेच. पाच ठिकाणी पानं मांडली असतील, तर मानाचे पाहुणे कुठे बसतात? आपण नाही बसलो नेमके तिथेच बसतात का? आणि एका घरात पाच चुली म्हणजे घरात फूट आहे, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. शिवाय वाढणारं कुणी नाही, ताट घेऊन आपण उठायचं असंही गोलूकडून समजलं. आग्रह करणारं कुणी नसेल तर माणसाचं पोट भरलं हे कळतं कसं, याचं उत्तर दोन्ही कंपन्यांच्या माहितीपत्रकात नाही.

"तिथं पायऱ्या हायेत का रे?" रंगूबाईंनी एकदा मध्येच विचारलं. "पान्यापर्यंत उतराले?"

समितीने तत्परतेने माहिती मागवली. 'जलराणी'वर नऊ लिफ्ट आहेत, 'ग्रँड लहर'वर अकरा. हे ऐकून रंगूबाईंनी रस्त्याकडे तोंड वळवलं. त्यांचं समाधान झालं असावं.

खरी गुंतागुंत झाली ती फोनमुळे. 'जलराणी'च्या बुकिंगवाल्यांची निता नावाची मुलगी जगदेवला फोन करू लागली. बोलायला गोड. "सर, मी निता बोलतेय. तुमच्यासाठी खिडकीची खोली राखून ठेवलीय. काय ठरलं?" जगदेवने रिवाजाप्रमाणे उत्तर दिलं, "कळवतो."

बाहेरच्यांसाठी थोडा खुलासा. आमच्या भागात 'कळवतो' म्हणजे होकार नव्हे, नकारही नव्हे. तो एक मुक्काम आहे आणि तिथे कितीही राहता येतं. काही स्थळं तिथे म्हातारी झाली आहेत. समोरच्याने 'कळवतो' म्हटलं की आपण गप्प बसायचं, मध्यस्थामार्फत अंदाज घ्यायचा, आणि चुकूनही आपण होऊन फोन करायचा नाही, ही साधी जनरीत आहे. निता ती शिकलेली नव्हती. तिने दुसऱ्या दिवशी फोन केला. तिसऱ्या दिवशी सूट देऊ केली. चौथ्या दिवशी सूटवर आणखी सूट, वर एका संध्याकाळचं गाणंबजावणं फुकट.

बबनरावांनी जगदेवचा हात धरला. "ऐक. इतका फोन येऊन राह्यला, वरून रोज देनंघेनंबी वाढवून राह्यले. काहीतरी खोट हाय जहाजात. चांगलं स्थळ कधी असं मागं लागते का?"

"मंग 'ग्रँड लहर'?" जगदेवने विचारलं.

"त्याईचा एकबी फोन नाई आला." बबनरावांचा आवाज कडक झाला. "एवढा कायचा माज हाय त्याईले?"

एकीकडून फार फोन म्हणून नको. दुसरीकडून फोनच नाही म्हणूनही नको. इतका समतोल मी आजवर कुठल्या संस्थेत पाहिला नाही. शेवटी निताला नकार कळवायची वेळ आली तेव्हा बबनरावांनी स्वतः फोन घेतला, आणि कुणाचं मन न दुखवता नाही म्हणण्याचं जे वाक्य आहे ते वापरलं. "बाई, तसं समदं चांगलं हाय, पन पत्रिका नाई जुळून राह्यली."

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला. मग निता म्हणाली, "सर, जहाजाची?"

"तुमी जन्मतारीख देली असती तं आमी पाह्यली असती," बबनराव नम्रपणे म्हणाले.

आणि तिने दिली! जहाज पाण्यात सोडल्याची तारीख, वेळ, गाव, सगळं दुपारपर्यंत पाठवून दिलं. कामाच्या ठिकाणी अशी मुलगी असली की माणसाची पंचाईत होते. दिलेला नकार मागे घ्यावा लागला आणि पत्रिका खरोखरच मांडायला द्यावी लागली. मग 'ग्रँड लहर'वर अन्याय नको म्हणून तिचीही मागवली.

पुढच्या बैठकीला रंगूबाई काठी घेऊन आल्या. समितीने काठीची गंभीर दखल घेतली, आणि 'जहाजावर काठी चालते काय, चालत असल्यास कोणत्या जहाजावर अधिक चांगली' हा मुद्दा तुलनेत नव्याने दाखल केला. पायरी चढायला रंगूबाईंना वैजयंतीचा खांदा लागला. बसल्यावर त्यांनी गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ तो सोडला नाही. वैजयंती सासूच्या हातांकडे पाहत राहिली. मग तिने आमच्याकडे पाहिलं. आम्ही काठीवर बोलत होतो.

हरभरा घरात आला आणि वैजयंती नवऱ्याला म्हणाली, "मी चार दिवस बहिनीकडं जाऊन येतो. आत्याबाईलेबी नेतो संगं, तेवढाच बदल."

सून सासूला बरोबर नेते म्हटल्यावर जगदेवने मान हलवली. बहिणीकडे जायला तुलना लागत नाही. बहीण एकच होती. ती कुठे राहते हे त्याला साधारण ठाऊक होतं, म्हणजे मुंबईकडे. दोघी जऊळक्याला गाडीत बसल्या, अकोल्याला गाडी बदलली, आणि त्या आठवड्यात चहा कोण आणणार, हा प्रश्न समितीपुढे प्रथमच उभा राहिला.

चहाअभावी काम मात्र थांबलं नाही. उलट याच आठवड्यात पत्रिका आल्या. 'जलराणी'ला मंगळ निघाला. 'ग्रँड लहर'चे रंगूबाईंशी निम्मे गुण जुळले, पण नाडी एक आली. एकाच नाडीची दोन माणसं तीन रात्री एका छपराखाली राहिली तर चालतं का, यावर पुंजाजींचं मत 'चालतं', बबनरावांचं 'उपाय करून चालतं' आणि जगदेवचं 'मायले विचारू' असं पडलं. शेवटचं मत प्रक्रियेत बसत नव्हतं. ते बाजूला ठेवलं.

आम्ही उपायाच्या खर्चाशी येऊन थांबलो होतो तेवढ्यात रंगूबाई दारात उभ्या राहिल्या. काठी होतीच. लुगड्याच्या काठाला पांढुरके खारट डाग पडलेले, आणि हातात झाकण घट्ट लावलेली पाण्याची बाटली. मागे वैजयंती. तिचा चेहरा उन्हाने रापला होता, आणि ती उघड उघड हसत होती. पदर वगैरे काही नाही.

"ठरलं का रे जहाज?" रंगूबाईंनी विचारलं.

"ठरूनच राह्यलं बाई," बबनराव म्हणाले.

"ठरवा बापा, सावकाश ठरवा." त्या जगदेवच्या खुर्चीत बसल्या, तो आपोआप उठला होता. "हिची बहीन केळव्याले राह्यते ना. घराहून चालत गेलं का समुद्र. ह्या पोरीनं मले धरलं अन् गेलो पान्यात. गुडघ्यालोक गेलो! लाट आली का पायाखालची वाळू पळते, जशी कोनी आपल्या खालची सतरंजी वढून राह्यलं. मी पडतो म्हनून वरडली, हेबी वरडली, दोघी खाली बसलो. कपडे समदे भिजले. एवढी हासली मी, मंग रडलीबी जराशीक. रोज गेलो, चारी दिवस. पलीकडचा काठ काई दिसला नाई, लय पाह्यला." त्यांनी बाटली काउंटरवर ठेवली. "तुमच्यासाठी आनलं. चाखून पाहा, खारं हाय."

जगदेव आईच्या पायांकडे पाहत उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र कुणी चाखून पाहिलं नाही. मला स्वतःला इतका आनंद झाला की मी काही क्षण समितीचा सदस्य असल्याचं विसरलो.

बबनराव मात्र जबाबदार माणूस. त्यांनी झाकण उघडलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटून विचार केला, आणि बहिणीला विचारलं, "बाई, हे पानी जलराणीच्या रस्त्याचं की ग्रँड लहरच्या?"

समितीचं काम चालू आहे. बाटली आता पुराव्यांत जमा आहे. निता अजून फोन करते. हल्ली बबनराव तिचीच जन्मतारीख विचारतात.

वाचकांपैकी पुष्कळांना अजून रुखरुख असेल, की एवढं सगळं वाचलं आणि शेवटी कोणतं जहाज सरस ते सांगितलंच नाही. ती रुखरुख मला समजते. रंगूबाईंनी पहिल्याच बैठकीत काय मागितलं होतं, ते मी तुम्हाला त्यांच्याच शब्दांत सांगितलं होतं. बाराव्या मजल्यावरून समुद्रात पाय बुडत नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं. आम्ही तरी वाशीम जिल्ह्यातले. पायऱ्यांचंही त्यांनी तुमच्यासमोर विचारलं. तरी तुम्ही डावं अंग, मंगळ आणि पाच चुली यांचा हिशेब ठेवत आमच्याबरोबर इथवर आलात, आणि एकदाही मध्ये बोलला नाहीत.

समितीला अशाच माणसांची गरज आहे. या कधीही. रंगूबाई आणि वैजयंती आता बैठकीला येत नाहीत, त्यामुळे जागा आहे. चहा तेवढा येताना घेऊन या.